विषयात आधी गाव लिहावे

सोमवारी सकाळी संध्या उरकून, चहाचा कप हातात घेऊन वेणीमाधव कॉम्प्युटरसमोर बसला तेव्हा मेलचा प्रोग्रॅम उघडलाच नाही. पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकोन आला. फाइल खराब झाली आहे आणि हा प्रोग्रॅम कंपनीने आता बंद केला आहे, अशा अर्थाच्या दोन इंग्रजी ओळी, आणि त्याखाली एकच बटण, ओके. सोळा वर्षांची पत्रं गेली, ओके. त्याने बटण दाबलं, चौकोन गेला. पुन्हा प्रोग्रॅम उघडला, पुन्हा चौकोन आला. असं चारदा झाल्यावर त्याने कप खाली ठेवला आणि आता आपण घाबरायला हवं असं त्याला वाटलं. देशोदेशीच्या यजमानांची पत्रं त्यात होती, कुणाच्या आजोबांचं नाव, कुणाच्या चुलतीची तिथी, कुणाचा मुलगा कुठल्या वर्षी नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर येणार त्याचा निरोप. पण घाबरण्याऐवजी छातीत आलं ते भलतंच, ठणकणारी दाढ एकदाची काढून टाकल्यासारखं. सुटलो. कारण त्या सगळ्या पत्रांत एक त्याचं स्वतःचं होतं. मालिनीला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला लिहिलेलं, अकरा जुलै दोन हजार चौदाचं. गेलं तर तेही गेलं. मग लगेच त्याला स्वतःची शरम वाटली. साठीला टेकलेला माणूस, घाटावर बसून लोकांना पापपुण्य सांगणारा, आणि एक पत्र नाहीसं झालं म्हणून मनातल्या मनात खूश होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

"अहो, मग त्या सुवर्णाताईंकडे न्या की," त्याची बायको संजना स्वयंपाकघरातून म्हणाली. "देवळाली कॅम्पातल्या. आपल्या लेकीचा लॅपटॉप त्यांनीच नीट केला होता."

"जाऊ दे. गेलं ते गेलं."

संजना हात पुसत दारात आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. "गेलं ते गेलं? आणि हे तुम्ही म्हणताय?"

तिचं खरं होतं. या घरात काही जात नाही. तीर्थोपाध्यायांचं घर, आलेल्या प्रत्येक यजमानाची नोंद वहीत करायची आणि ती वही जिवापाड जपायची, एवढाच धंदा. लांब लांब वह्या, लाल कापडात बांधलेल्या, आणि त्यांत गावागावाची पानं. माणूस शोधायचा तर आधी गाव, मग आडनाव, मग त्याचं नाव. कुणीही समोर येऊन बसला की नाना, म्हणजे वेणीमाधवचे वडील, नाव विचारायचेच नाहीत. "मूळ गाव कुठलं?" एवढंच. गाव कळलं की पाच मिनिटांत त्याच्या खापरपणजोबाची सही त्याच्यासमोर ठेवायचे, आणि तो माणूस त्या सहीवरून बोट फिरवत राहायचा. वहीतलं काही खोडायचं नाही, चुकलं असलं तरी नाही, खाली नवी ओळ लिहायची. आणि लिहिलं की यजमानाने स्वतःच्या हाताने सही करायची, त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. मुलगी सासरी गेली की माहेरच्या पानावर एक ओळ पडायची, अमुक गावी दिली, आणि पुढचं तिचं सगळं त्या गावच्या पानावर. वेणीमाधवने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यातही वहीच मांडली. छापून घेतलेल्या कार्डावर तळाला ओळ टाकली, 'मेल करताना विषयात आधी गाव लिहावे', आणि प्रोग्रॅमला शिकवून ठेवलं की विषयाचा पहिला शब्द बघ आणि पत्र त्या गावाच्या कप्प्यात नेऊन टाक. साडेतीनशे गावं, त्यांवर जिल्ह्यांचे मोठे कप्पे. आलेलं पत्र आपोआप आपल्या गावी जाऊन बसतं याचं त्याला इतकं कौतुक होतं की पहिले सहा महिने तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवायचा. या शिस्तीपायीच ते अकरा जुलैचं पत्रही त्याने कधी पुसलं नव्हतं. पुसायला एक बोट पुरलं असतं, पण लिहिलेलं खोडायचं नाही.

तेव्हा त्याने वायरी काढल्या, तो जुना डबा उपरण्यात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसला. द्वारका चौकात रोजच्यासारखीच वाहतूक तुंबलेली होती. ट्रकच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे एसटी, आणि उड्डाणपुलाखाली कुणीतरी केळ्यांची गाडी मधोमध उभी करून निघून गेलेला. डबा मांडीला जड होत होता. याच्या पोटात ते पत्र आहे, त्याला वाटलं, आणि मी त्याला तान्ह्या मुलासारखं धरून बसलोय. पत्र त्याला पाठ होतं. सातच ओळी होत्या. आई दोन जुलैला गेली. मालिनी ऑकलंडला, तिचा पासपोर्ट कायमच्या वास्तव्याच्या अर्जाबरोबर तिथल्या कचेरीत अडकलेला. ती रोज फोनवर सांगायची, उद्या मिळेल, परवा मिळेल. तो म्हणाला, दहाव्याला तरी ये. दहाव्याला ती आली नाही. घाटावर पिंड मांडले, भटजी त्याचाच आतेभाऊ, आणि कावळा शिवेना. झाडावर तीन कावळे बसलेले, अगदी समोर, मान वाकडी करून बघत होते आणि खाली येत नव्हते. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं, काही इच्छा राहिली असेल, आठवा, शब्द द्या. आता सगळे त्याच्याकडे बघत होते. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मामी म्हणाली, तिच्या आवडीचं काही ठेवा, तेही ठेवून झालं. सगळ्यांना माहीत होतं आई कशासाठी अडलीय, पण कुणी नाव घेईना. शेवटी तो हात जोडून, कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला, आई, मालूची काळजी करू नकोस, मालूला मी बघेन. आणि कावळा खाली उतरला. एकच, मोठा, पंख किंचित करडे असलेला. त्याने पिंडाला चोच लावली आणि वेणीमाधवला मुळीच बरं वाटलं नाही. त्याला राग आला. एवढा वेळ सगळ्या भावकीसमोर ताटकळवलं ते हिच्यासाठी, जी आली नाही तिच्यासाठी. जो हजर होता, ज्याने चार वर्षं आईचं हागणंमुतणं काढलं, त्याच्यासाठी एक क्षणही नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन तो कॉम्प्युटरवर बसला. 'तू आली नाहीस ते बरंच झालं. मुलगी दिली की ती त्या गावची. तू आता सायखेड्याची. तुझं जे काही असेल ते तिकडच्या पानावर बघ, या घरात तुझं काही उरलेलं नाही.' अशा सात ओळी. सकाळी दिलेला शब्द संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. दिला होता तोही आईला.

त्यानंतर अकरा वर्षं मालिनीचं उत्तर नाही. सुरुवातीला तो रोज वाट बघायचा. शिव्या दे, पण लिही, असं वाटायचं. महिन्याभराने त्यानेही मन घट्ट केलं, म्हणजे घट्ट झाल्यासारखं दाखवलं. दिवाळीला संजनाच्या फोनवर तिच्याकडून पणतीचं चित्र यायचं. दोनदा ती भारतात आली, नवऱ्याबरोबर, शेखरबरोबर सायखेड्याला राहिली आणि तिथूनच परत गेली. सायखेडा ते पंचवटी तासाभराची वाट. अठरा साली मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात समोरासमोर आली तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नमस्कार, गुरुजी." वेणूदादा नाही, गुरुजी. आणि जरा थांबली, त्याच्या तोंडाकडे बघत, काहीतरी ऐकायचं असल्यासारखी. त्याला तो टोमणा इतका लागला की तो जिलबी न घेताच पंगतीतून उठला. पुढे पुष्कळदा त्याला वाटे, फोन उचलावा, मालू, चुकलो म्हणावं. पण चुकलो म्हणण्यासाठीसुद्धा समोरच्याने आधी रागवावं लागतं. नुसत्या गप्प बसलेल्या माणसाची क्षमा कशी मागणार. रिक्षावाल्याने वाट काढली आणि वारा लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण डब्याभोवतीचं उपरणं मुठीत आवळून धरलंय.

सुवर्णाताईंचं दुकान कॅम्पातल्या बाजारात, शिंप्याच्या आणि बेकरीच्या मध्ये होतं. पन्नाशीच्या ठसठशीत बाई, नवरा तोफखान्यात हवालदार होता, आता निवृत्त. माहेर गिरणारे गावाकडचं, शेतात फुलं आणि टोमॅटो. नवऱ्याच्या बदल्यांत हिंडताना कुठल्याशा छावणीत त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि फाइल बघून हसल्या.

"गुरुजी, सोळा वर्षांचं सगळं एकाच फायलीत कोंबलंय तुम्ही. पोतं किती भरावं माणसानं? शिवणच उसवली हाय त्याची."

"मग गेलं का सगळं?"

"जातंय कुठं. माल हाय तसाच हाय, तोंड नीट करावं लागल. पण ह्या प्रोग्रॅमात नाय पुन्हा टाकायचं. हा बंदच पडला. नवा देते, त्यात भरू."

वेणीमाधव जरा घुटमळला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "त्यातला थोडा भाग नाही आला तरी चालेल. म्हणजे, दोन हजार चौदाचा जुलै वगैरे."

सुवर्णाताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "असं निवडून नाय सांडता येत, गुरुजी. आलं तर समदं येईल, नाय तर काहीच नाय." आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही याबद्दल त्याला फार बरं वाटलं. दूर रेंजवर तोफांचा सराव चालू होता. दर थोड्या वेळाने काचेचं कपाट थरथरायचं आणि कुणीही मान वर करायचं नाही. पडद्यावर हिरवी पट्टी इंच इंच सरकत होती. बाई मध्येच गिऱ्हाइकाला चार्जर देऊन आल्या, मध्येच चहा सांगितला. तो लाकडी स्टुलावर बसून पट्टी बघत राहिला आणि एकदा त्याला वाटलं की ती इथेच थांबावी, आणि एकदा वाटलं की नाही, सगळं यावं, ते पत्रसुद्धा यावं, आपण केलंय ते आपल्या घरात असावं. असं दोन्ही वाटत असताना पट्टी पुरी झाली.

नवा प्रोग्रॅम त्याला मुळीच आवडला नाही. पांढरा, रिकामा, आणि त्यात कप्पेच नव्हते. डावीकडची साडेतीनशे गावं गायब, सगळी पत्रं एका रांगेत, ज्या दिवशी आलं त्या दिवसाच्या जागी. बार्शीच्या खाली बडोदा, त्याखाली लंडनचे चिपळूणकर.

"आणि गावं?" तो जवळजवळ ओरडलाच. "माझी गावं कुठं गेली?"

"गावाचं नाव पत्रावरच चिकटवलंय बघा, बारीक चिठ्ठी हाय. पण आता कुणी कप्प्यात जाऊन दडायचं नाय. समदे अंगणात." बाईंनी खाली बोट दाखवलं. "आणि तुमचं काम चोख हाय, गुरुजी. एवढ्या हजारो पत्रांत न वाचलेलं एकच."

"एकही नसेल. मी सगळी वाचतो."

"एक हाय." त्यांनी त्यावर टिचकी मारली.

ठळक काळ्या अक्षरांत एकच ओळ पडद्यावर उरली. शेखर सायखेडकर. विषय, सायखेडा. चौदा जुलै दोन हजार चौदा. वेणीमाधवला आधी काही कळलंच नाही. शेखर त्याला कशाला मेल करेल, शेखर फोनवरसुद्धा बोलत नाही. आणि मग हळूहळू त्याला सगळं कळत गेलं. सायखेड्याचा कप्पा त्यानेच केला होता, मेहुण्याचं गाव म्हणून, हौसेने. तो 'नाशिक जिल्हा' या मोठ्या कप्प्यात होता, आणि तो मोठा कप्पा सोळा वर्षांत त्याने कधी उघडला नव्हता. जिल्ह्यातला माणूस मेल करत नाही, द्वारकेला उतरतो आणि रिक्षा करून येतो. सायखेड्याचे तर तेवढेही येत नाहीत, त्यांच्या दारातच गंगा. या प्रोग्रॅमने विषयाचा पहिला शब्द बघितला होता आणि शिकवल्याप्रमाणे पत्र उचलून आपल्या गावी नेऊन ठेवलं होतं. तो मात्र महिनाभर दारात उभा राहून मालिनीच्या नावाची वाट बघत होता.

'तीर्थोपाध्याय वेणीमाधव गुरुजी यांस, सा. न.' असं पत्र सुरू होत होतं. 'आपल्या कार्डावरील सूचनेप्रमाणे आधी गाव लिहीत आहे. गाव सायखेडा. आडनाव सायखेडकर. राहणार ऑकलंड. मेल माझ्या यजमानांच्या नावाने पाठवत आहे, कारण आपल्याकडे तशीच रीत आहे. आमच्या पानावर एक नोंद राहिली आहे. माझी आई आषाढ शुद्ध पंचमीला वारली. मी तिची मुलगी. पासपोर्ट काल मिळाला. तुम्ही म्हणता मी सायखेड्याची, तर मग सायखेड्याच्या पानावर तिचं नाव लिहा. दारी आलेल्या यजमानाला उपाध्याय नाही म्हणू शकत नाही, हे नानांनी मला तुमच्यासमोरच शिकवलं होतं. सहीची जागा कोरी ठेवा. येईन तेव्हा करीन.'

मध्ये दोन ओळी सोडलेल्या होत्या. मग, 'वेणूदादा, दोन दिवस खूप राग आला होता. आज नाही. तू चार वर्षं तिचं सगळं केलंस आणि मी फोनवर रडले, एवढंच. तुला कुणी रड म्हणालं नसेल. मामी सांगत होती, कावळा फार वेळ शिवत नव्हता आणि मग तू काहीतरी पुटपुटलास. काय सांगितलंस रे त्याला? तेवढं कळव. दुसरं काही लिहू नकोस, माफी वगैरे. तेवढं कळलं की मी येते.'

कपाटाची काच थरथरली. वेणीमाधवने उपरण्याचं टोक तोंडावर दाबून धरलं, पण खांदे काही ऐकेनात. सुवर्णाताईंनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "वाईट बातमी हाय का, गुरुजी?" "नाही," तो म्हणाला. "चांगली आहे. अकरा वर्षांपूर्वीची आहे." "मग घरातच होती म्हणायची," बाई म्हणाल्या. "काखेत कळसा अन् गावाला वळसा." तो रडता रडता हसला. तिने उत्तर दिलं होतं. तीन दिवसांत दिलं होतं. अकरा वर्षं जिच्या गप्प बसण्याखाली तो चिरडला जात होता ती गप्प नव्हतीच, गप्प तो होता. लग्नात ती गुरुजी म्हणाली आणि थांबली, ती उत्तरासाठी. यजमानाने उपाध्यायाला विचारलं होतं, आणि उपाध्यायाने जिलबी टाकून पळ काढला होता. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, आणि तसं थोडं झालंही. पण त्याच्या खाली, सगळ्याच्या खाली, काहीतरी सैल होत होतं, जे इतकी वर्षं आवळून धरलं होतं हे सोडल्यावरच कळतं. आज नाही, असं तिने लिहिलं होतं. तिचा राग तेव्हाच गेला होता. तो उगाच त्याच्याशी भांडत बसला होता.

परतीच्या वाटेवर त्याने डबा मांडीवर घेतला नाही, शेजारी ठेवला. घरी येऊन त्याने संजनाला एवढंच सांगितलं की मालूचं पत्र सापडलं, आणि ती काही विचारायच्या आत माळ्यावरची वही काढली. सायखेड्याचं पान जवळजवळ कोरंच होतं. वर नानांच्या अक्षरात एक ओळ, मालिनीच्या लग्नाची, आणि खाली शेखरची मान तिरपी केलेली सही. वेणीमाधवने शाईचं पेन भरलं. आईचं नाव लिहिलं. तिथी लिहिली. 'कन्या मालिनी हिने कळविल्यावरून', असं लिहिलं, आणि पुढे सहीपुरती जागा सोडली. नानांनी सोडली असती त्याहून थोडी जास्तच. फोनवर त्या पानाचा फोटो काढला. मग नव्या प्रोग्रॅममध्ये, जो अजूनही त्याला परका वाटत होता, पहिलं पत्र लिहायला बसला. संजनाच्या फोनवरून मालिनीचा पत्ता घेतला. माफी लिहू नकोस असं तिने सांगितलं होतं, म्हणून लिहिली नाही, त्याला ते सर्वांत अवघड गेलं. 'तुझं पत्र आज उघडलं. ते मीच केलेल्या कप्प्यात पडलं होतं. कावळ्याला म्हणालो, मालूला मी बघेन. मग तो शिवला. त्याच संध्याकाळी मी तुला ते लिहिलं. वेणूदादा.' एवढंच. दुपारचे साडेबारा वाजले होते, तिकडे संध्याकाळ असेल, ती स्वयंपाकाला लागली असेल. त्याने पानाचा फोटो जोडला आणि पाठवलं.

संजनाने पान वाढलं. तो वरणभात कालवत होता पण नजर पडद्याकडे. एवढ्यात काही येणार नाही, तो स्वतःला सांगत होता, अकरा वर्षं तिने वाट बघितली, आता तू अकरा दिवस तरी बघ. तेवढ्यात रांगेच्या अगदी वर, दडायला कुठे कप्पाच नसल्यामुळे सगळ्यांच्या वर, एक ठळक ओळ आली. तो उष्ट्या हातानेच उठला आणि डाव्या हाताने कशीबशी टिचकी मारली. आत दोनच वाक्यं होती. 'मार्गशीर्षात येते. पेन तुझं नको, नानांचं काढून ठेव.' त्याने ती तीनदा वाचली, संजनालाही मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग त्याचं लक्ष वर विषयाकडे गेलं. मालिनीने रीत पाळली होती. आधी गाव लिहिलं होतं. नाशिक.